बिनशिंकेचा कुत्रा

बायकोला वाढदिवसाला काय द्यायचे, हा प्रश्न मी दरवर्षी आदल्या संध्याकाळी दुकान बंद करता करता सोडवतो. घड्याळे दुरुस्त करणे हा माझा धंदा असल्यामुळे उत्तर तयारच असते. आमच्या घरात भिंतीवर, टेबलावर, फ्रिजवर, एवढेच काय, न्हाणीघरातही घड्याळ आहे. (त्यांतली कुठलीही दोन एकच वेळ दाखवत नाहीत, पण माझ्या धंद्याच्या दृष्टीने तो विषय इथे नको.) यंदा मात्र मी ठरवले की हिला चावी न देता चालेल असे काहीतरी द्यायचे. हिला कुत्रा द्यायचा.

कुत्र्यांवर हिचा जीव. लग्न झाले तेव्हा आईवडिलांना सोडताना ही रडली नाही, पण कुत्र्याला सोडताना ढसाढसा रडली. त्याला बरोबर आणणे शक्य नव्हते, कारण आड येत होते माझे नाक. कुत्रा रस्त्याच्या पलीकडून गेला तरी माझे नाक अलीकडे सुरू होते. सासुरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा सासऱ्यांच्या प्रत्येक वाक्याला मी शिंकत होतो. नंतर त्यांनी हिला सांगितले म्हणे, "मुलगा बरा वाटतो, पण माझं एकही मत त्याला पटलेलं दिसत नाही."

इतक्या वर्षांत हिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रस्त्यात कुणाचा कुत्रा दिसला की ही थांबते, खाली बसते, त्याची सविस्तर विचारपूस करते आणि उठताना मालकाला नुसते "बरंय" म्हणते. घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुते, कपडे बदलते आणि मगच माझ्या जवळ येते. हे सगळे ती इतक्या सहज करते की बरीच वर्षे मला ते कळलेच नव्हते. कळले तेव्हा मला फार भरून आले. दुसरी एखादी असती तर तिने कुत्रा ठेवून नवरा परत केला असता.

तर झाले असे की एक बाई घड्याळाचा पट्टा बदलायला दुकानात आल्या. त्यांच्या कडेवर कुरळ्या केसांचे एक गाठोडे होते. गाठोड्याने जीभ बाहेर काढली, तेव्हा मला कळले की हा कुत्रा आहे. मी घाईघाईने नाकाला रुमाल लावला. पण शिंक आलीच नाही!

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "लॅब्राडूडल आहे. लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर. ह्याची अ‍ॅलर्जी होत नाही. मुद्दाम त्यासाठीच तयार केलाय."

जगात केवढे हुशार लोक आहेत! मी इथे डोळ्याला भिंग लावून काटे सरळ करत बसलो होतो, आणि तिकडे कुणीतरी माझ्या नाकाचा विचार करून एक अख्खा कुत्रा बनवला होता. (त्या आठवड्यात माझे नाक सर्दीने पूर्ण चोंदलेले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही.)

माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, जनावरांचा डॉक्टर आहे. मी त्याला विश्वासात घेतले. त्याने कपाळाला हात लावला, पण बहिणीसाठी म्हणून माझ्याबरोबर पिल्ले बघायला आला. पिल्ले विकणाऱ्या बाईंचे घर इतके स्वच्छ होते की बूट काढल्यावर मला माझे मोजेही काढावेसे वाटले. हॉलच्या मध्यभागी एका जाळीत सहा-सात लोकरीचे गुंडे एकमेकांवर लोळत होते.

"ह्यांचे केस गळत नाहीत," बाई म्हणाल्या. "पूडलचा गुण. आता केसच गळत नाहीत म्हटल्यावर अ‍ॅलर्जी होईल कशी?"

"अ‍ॅलर्जी केसांची नसतेच," मेहुणा म्हणाला. "ती असते लाळेची आणि कातडीच्या कोंड्याची. ते पूडललाही असतं."

"आमच्या पिल्लांना लाळ फार कमी."

त्या क्षणी एका पिल्लाने मेहुण्याचा मोजा घोट्यापर्यंत भिजवला होता.

"आणि संकर म्हणजे लॉटरी असते बाई. एकाच वेतातलं एक आईवर जातं, दुसरं बापावर. कुणाचे केस गळतील, कुणाचे नाही, आधी कसं सांगणार?"

"माणसांतही तसंच असतं की. म्हणून लोक मुलं व्हायची थांबलेत का?"

हे मला पटले.

"आणि बेवारस प्राण्यांच्या आसऱ्यात पडलेली इतकी कुत्री घराची वाट बघत असताना नवीन बनवायची कशाला?"

हेही मला पटले. (समोरच्याचे मला लगेच पटते. दोघे समोर असले की माझे हाल होतात.)

"ज्यांना शिंका येतात ते बिचारे आसऱ्यातलाही कुत्रा नेत नाहीत, डॉक्टर. मी त्यांच्या घरी कुत्रा पोचवते. ह्यात माझं काय चुकलं?"

 मला दोघांचेही कौतुक वाटले, कारण इतके तावातावाने भांडताना दोघांनीही एकेक पिल्लू मांडीवर घेतले होते आणि दोघेही नकळत त्यांची पोटे खाजवत होते. माझ्या मांडीवर कुणी आले नाही. फक्त एक तांबूस पिल्लू माझ्या पावलावर येऊन बसले आणि 'आता ह्या माणसाचं काय करायचं' अशा नजरेने माझ्याकडे बघू लागले. मी तिथेच विरघळलो. (नाक अजून चोंदलेलेच होते.)

शेवटी बाईंनीच तोड काढली. त्या तांबूस पिल्लाचा अंथरायचा टॉवेल त्यांनी माझ्या हातात दिला. "हा उशाखाली घेऊन झोपत जा. चार-आठ दिवसांत शिंक आली, तर पिल्लू नेऊ नका."

"हे मात्र बरोबर आहे," मेहुणाही म्हणाला. "टॉवेलात सगळं आलं. लाळ, कोंडा, सगळं."

मी टॉवेल घरी आणला आणि हिला दिसू नये म्हणून उशीच्या अभ्र्यात सारला. नंतर रोज त्यावर डोके ठेवून झोपलो. आश्चर्य असे की मला शिंक सोडाच, नाकात साधी हुळहुळही झाली नाही. उलट इतकी गाढ झोप लागली की विचारू नका. आठवड्याने मी मेहुण्याला फोन केला.

"एकही नाही?"

"एकही नाही! आणि वास तर काय सांगू! जणू आत्ताच साबणाने धुऊन इस्त्री केलाय. काय जात आहे!"

त्याने मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावले. मग हळूच म्हणाला, "भाऊजी, मला माझी पुस्तकं पुन्हा उघडून बघायला हवीत." पुढे त्याने आपल्या डॉक्टर मित्रांच्या बैठकीत माझ्या नाकावर छोटेसे भाषणही दिले म्हणे. आयुष्यात शास्त्राला माझा उपयोग झाला तो एवढाच.

वाढदिवसाला सकाळी मी टोपली आणून हिच्या समोर ठेवली. टोपलीतून तांबूस डोके वर आले. मला वाटले होते, ही ओरडेल, नाचेल. पण ही नुसती जमिनीवर बसली. पिल्लू टोपलीतून उतरून तडक हिच्या मांडीत शिरले आणि हिने त्याच्या मानेत तोंड खुपसले. बराच वेळ हिचे खांदे तेवढे हलत होते. मग तोंड न काढताच हिने विचारले, "आणि तुमचं नाक?"

"ह्याची अ‍ॅलर्जी होत नाही. मी खात्री करून घेतलीय."

हिने वर बघितले. तो चेहरा मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो. इतकी घड्याळे दिली, पण असा चेहरा एकाही घड्याळाला मिळाला नव्हता. पिल्लू हिच्या गळ्याभोवती इतके गुंडाळून बसायचे की हिने त्याचे नाव मफलर ठेवले.

टॉवेलाच्या भरवशावर नाकाने एक दिवस दम धरला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मला पहिली शिंक आली.

मी स्वतःला समजावले की टूथपेस्टमुळे असेल. तिसरी आली तेव्हा टूथपेस्ट निर्दोष सुटली. दुपारपर्यंत माझे नाक सासुरवाडीच्या काळात जाऊन पोचले. पण हिच्या देखत शिंकायचे नाही, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकले. हिला मी ओळखतो. मी एकदा जरी शिंकलो असतो, तर हिने न रडता, न कुरकुरता मफलरला त्याच संध्याकाळी परत नेऊन सोडले असते आणि घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले असते. ते मला बघवले नसते. मफलर राहणार की जाणार, हे आता माझ्या नाकावर होते.

मग माझे चोरटे आयुष्य सुरू झाले. पहिला शोध लागला तो मिक्सरचा. मिक्सर फिरत असताना कितीही मोठी शिंक दिली तरी ऐकू जात नाही. मी रोज सकाळी उठून "आण, मी वाटून देतो" असे म्हणू लागलो. ही शेजारणींना माझे कौतुक सांगू लागली. हळूहळू घरात वाटण्यासारखे काही उरले नाही. एकदा तर हिने झाकण उघडून बघितले आणि म्हणाली, "अहो, ह्यात काहीच नाही."

"बारीक झालंय," मी म्हणालो.

दुकानात याहून वाईट दशा होती. घड्याळाच्या धंद्यात शिंक म्हणजे भूकंप. एका आजोबांचे घड्याळ उघडे असताना मला शिंक आली आणि त्याचा सेकंदकाटा कुठे गेला तो गेलाच. आजोबा सज्जन. "राहू दे, या वयात सेकंद मोजायचे कशाला" म्हणाले. मग मी शिंकेच्या गोळ्या घेऊ लागलो. गोळ्यांनी शिंका थोड्या थांबल्या, पण दुपारी अशी झोप यायची की भिंग डोळ्याला तसेच ठेवून मी काउंटरवर डोके टेकायचो. गिऱ्हाइकांना वाटायचे, किती बारकाईने काम करतोय!

घरी मिक्सरनंतर मी कपाटाचा आसरा घेतला. झोपायच्या खोलीतले कपाट मोठे आहे. आत शिरायचे, दार ओढायचे, कोटांत तोंड खुपसायचे आणि मोकळे व्हायचे. हे गुपित फक्त मफलरला माहीत होते, आणि त्याची बुद्धी बघून मी थक्क झालो. शिंकेची चाहूल मला लागायच्या आधी त्याला लागायची. माझा चेहरा किंचित वाकडा झाला की तो कान टवकारायचा, माझ्या पुढे पळत जायचा आणि नाकाने कपाटाचे दार उघडून धरायचा. माझ्या दुकानात इतकी वर्षे काम करून गेलेल्या एकाही मदतनिसाने माझ्यासाठी कधी दार धरले नव्हते.

पण बुद्धी जास्त झाली की पंचाईत होते. एका रविवारी मी आत असताना शिंका थांबेचनात. मफलरला काळजी वाटली. तो स्वयंपाकघरात गेला आणि हिची बाही दातांत धरून हिला ओढत कपाटापर्यंत घेऊन आला. दार उघडले.

"अहो! इथे काय करताय?"

"कोट शोधतोय."

"तो अंगावर आहे तुमच्या."

(ते खरे होते.) पुढचे उत्तर मी तयार करतच होतो, तेवढ्यात अशी शिंक आली की वरचे हँगर माझ्या डोक्यावर कोसळले. मफलरने शेपटी हलवून हिच्याकडे बघितले, जणू म्हणत होता, बघा, मी सांगत नव्हतो?

ही पलंगावर बसली. "किती दिवस चाललंय हे?"

"आजच जरा…"

"खोटं बोलू नका. तो रिकामा मिक्सर मी विसरले नाहीये. तुम्ही तर खात्री करून घेतली होती ना?"

मग मला सगळे सांगावे लागले. पिल्लेवाल्या बाई, टॉवेल, उशीचा अभ्रा, सगळे. टॉवेलाचे नाव निघताच हिचा चेहरा उतरला.

"तो निळ्या काठाचा टॉवेल? अहो, तो मी पहिल्याच संध्याकाळी धुतला! चादर बदलताना सापडला. म्हटलं, मान दुखत असेल, आधाराला घेतला असेल. कुत्र्याचा वास येत होता त्याला. तुमच्या नाकाला त्रास होईल म्हणून उकळत्या पाण्यातून काढला, इस्त्री केली आणि परत होता तिथे ठेवला." मग खाली बघत म्हणाली, "धुवायच्या आधी थोडा वेळ मांडीवर घेऊन बसले होते. किती वर्षांनी घरात आला होता तो वास."

 म्हणजे आठवडाभर मी आमच्याच साबणाची परीक्षा घेतली होती आणि साबण उत्तम गुणांनी पास झाला होता.

ही उठली. खुंटीवरचा पट्टा काढला. "चल बाळा," एवढेच म्हणाली. आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मला ते सहन झाले नाही. मी दारात आडवा उभा राहिलो.

"तो कुठेही जाणार नाही. नाक माझं आहे, त्याचं काय करायचं ते मी ठरवीन."

"आणि त्या नाकामागचा माणूस माझा आहे!"

असे वाक्य हिने संसारात पहिल्यांदाच उच्चारले होते. त्याला साजेसे काहीतरी बोलावे म्हणून मी तोंड उघडले आणि शिंकलो.

शेवटी मेहुण्याला बोलावले. टॉवेलाची हकिकत ऐकून तो आधी पोट धरून हसला आणि मग एकदम गंभीर झाला. (मित्रांच्या बैठकीत दिलेले भाषण त्याला आठवले असावे.) पण माणूस मोठ्या मनाचा. 'मी सांगितलं होतं' असे एकदाही म्हणाला नाही.

"ताई, पट्टा खाली ठेव. अ‍ॅलर्जी न होणारा कुत्रा नसतो, हे खरं. पण शिंक आली म्हणून प्रत्येक वेळी कुत्रा घालवावाच लागतो असंही नाही. भाऊजी, आधी माणसांच्या डॉक्टरकडे जा. कपाटात औषध नसतं."

डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा आणि झोप न येणारी गोळी दिली. मफलरला झोपायच्या खोलीत बंदी झाली, त्याची आंघोळ वाढली, गालिचे गेले. महिन्याभरात माझ्या शिंका इतक्या कमी झाल्या की मला चुकल्यासारखे वाटू लागले. घर पुन्हा हसते झाले. मिक्सरलाही विश्रांती मिळाली. अ‍ॅलर्जीवर मात करून कुत्रा सांभाळणारा माणूस म्हणून मी गिऱ्हाइकांना आपणहून सल्ले देऊ लागलो.

आणि मग मफलर खाजवू लागला.

सुरुवातीला कान, मग पोट, मग पंजे. संध्याकाळी मी दुकानातून आलो की आनंदाने माझ्या अंगावर उडी मारायचा आणि खाली उतरून लगेच खाजवत बसायचा. आम्ही त्याचे खाणे बदलले, साबण बदलला, अंथरूण बदलले. पिसवा शोधल्या, एकही नव्हती. पोटावर लाल चट्टे उठले तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी आले. एवढे करून टिकवलेला जीव, त्याला आपल्याच घरात सुख नाही, याचे हिला फार लागले. मेहुण्याने त्याच्या तपासण्या करायला दिल्या.

निकाल कळवायला तो स्वतः आला. सोफ्यावर बसला, माझ्याकडे बघितले आणि तोंडावर हात धरून हसू दाबू लागला.

"अरे, सांग ना काय झालंय त्याला!" ही ओरडली.

"अ‍ॅलर्जी."

"कसली?"

त्याने बोट माझ्याकडे केले.

"माणसांची, ताई. कुत्र्यांनाही होते. माणसाच्या कातडीचा कोंडा त्याला सोसत नाही."

"मग मीही माणूसच आहे की," ही म्हणाली. "माझ्या मांडीवर तर शांत झोपतो."

"तुझा कोंडा थोडा असेल. पण जरा भाऊजींचा कोट बघ."

सगळ्यांनी बघितले. मफलरनेही बघितले. माझ्या काळ्या कोटाच्या खांद्यांवर, कुणी फळा पुसून डस्टर झटकावे तशी पांढरी भुकटी पसरली होती. इतकी वर्षे मी ती घड्याळाच्या पॉलिशची समजत होतो.

मी रागारागाने पिल्लेवाल्या बाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि मग कडाडल्या, "घरात असा माणूस आहे, हे पिल्लू नेतानाच सांगायला नको होतं का तुम्ही?"

मी फोन ठेवला. (त्यांचेही पटले.)

मेहुण्याने उपाय सांगितला आणि हिने तो मनावर घेतला. ही कुठलीही गोष्ट मनावर घेते तेव्हा ती पार पडतेच, म्हणून तर मी हिला मानतो. त्याच्या दवाखान्यातून औषधी शाम्पूची एक मोठी बाटली आली. तिच्यावर एका झुपकेदार कुत्र्याचे चित्र आहे. मी म्हटले, हे जनावरांचे आहे. मेहुणा म्हणाला, चालतं, फक्त डोळे मिटून घ्या. सोफ्यावर मला आता चादर अंथरल्याशिवाय बसता येत नाही. झोपायच्या खोलीची बंदी मफलरवरून उठली आणि माझ्यावर आली. मी मागच्या छोट्या खोलीत झोपतो. मफलरचे चट्टे गेले, अंगावर पुन्हा तांबूस कुरळे केस चमकू लागले आणि ही दिवसभर गुणगुणू लागली. हे बघून मला खरोखर आनंद होतो. माझ्यामुळे ह्या घरात कुणाचे तरी इतके चांगले झाले.

परवा मी संध्याकाळी घरी आलो, तेव्हा ही मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी दाराबाहेरच थांबलो होतो, म्हणून ऐकू आले.

"आता एकदम छान आहे गं. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पूने आंघोळ, रोज ब्रश, आणि झोपायला वेगळी खोली… सुरुवातीला जरा कुरकुर केली, पण आता सवय झालीय… छे गं, परत कुठे पाठवणार, एवढ्या वर्षांचा लळा आहे. आणि शहाणे आहेत तसे. आता तर सांगावंही लागत नाही, दाराबाहेर अंग झटकूनच आत येतात."